सॉकेट अ‍ॅडजस्ट करत नाही

दिल्ली आणि तिच्या भोवतीचा एनसीआर नावाचा पसारा ‘एडजस्ट’ या एका मंत्रावर चालतो. मेट्रोच्या भरलेल्या बाकासमोर एक माणूस येतो, ‘थोड़ा एडजस्ट कर लो, भाईसाहब’ म्हणतो, आणि जिथं वर्तमानपत्राची घडी मावली नसती तिथं हातातल्या पिशवीसकट मावतो. बाजारात गाडी लावताना पार्किंगवाला बजावतो, हँडब्रेक लावू नका. म्हणजे मागच्याला निघायचं झालं की तुमची गाडी ढकलून पुढं सारता येते. आपण दुकानात पडद्याचं कापड बघत असतो तेव्हा आपली गाडी बाहेर एकटीच फिरून येते. सांगली-साताऱ्याकडून नोकरीनिमित्त आलेला मराठी माणूस सुरुवातीला नियम दाखवतो, आवाज चढवतो, ‘ये गलत बात है’ असं स्वच्छ मराठी चालीत म्हणतो. मग तोही सरकून बसायला शिकतो.

या शहरात कोणाच्याही विनंतीला न जुमानणारी वस्तू मला एकच भेटली. प्रोसेसरचा सॉकेट.

निमित्त आमच्या कन्येचं. ती आर्किटेक्चर शिकते. संगणकावर इमारत उभी करायची, तिच्यावर दुपारचं ऊन पाडायचं, खिडकीच्या काचेत समोरचं झाड दिसेल अशी तजवीज करायची, याला रेंडर म्हणतात. तिच्या लॅपटॉपला एका खिडकीचं झाड उगवायला रात्र लागायची आणि पंखा असा घोंघावायचा, की शेजारच्या भाभींनी ‘आप लोग रात को वॉशिंग मशीन क्यों चलाते हैं’ अशी सौम्य चौकशी केली. त्यावर कन्येनं जाहीर केलं, सुटे भाग आणून डेस्कटॉप जुळवायचा. मी स्वतः जुळवणार. तुम्ही फक्त पैसे द्या.

घरात लगेच तज्ज्ञ उगवले. पहिले आमचे साडूभाऊ. ते सरकारी हिशेबतपासणीत आहेत. एकाच दुकानातून सगळं घेणं हा त्यांच्या मते घोटाळ्याचा पहिला टप्पा. त्यांनी तीन दुकानांची तीन कोटेशनं मागवली, उभ्या-आडव्या रेघांचा तक्ता आखला, प्रत्येक ओळीतल्या सर्वांत कमी भावाभोवती लाल शाईनं गोल काढला आणि गोलांची बेरीज केली. बेरीज फार देखणी होती. प्रोसेसर इंटेलचा, बोर्ड एएमडीच्या प्रोसेसरचा, रॅम डीडीआर4, कॅबिनेट बुटकं आणि त्यात घालायचं ग्राफिक्स कार्ड तेहतीस सेंटिमीटर लांब. कन्येनं तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला.

‘काका, यातला कुठलाच भाग दुसऱ्या कुठल्या भागाला लागत नाही.’

‘तो तांत्रिक मुद्दा झाला,’ साडूभाऊ म्हणाले. ‘प्रक्रियेत दोष दाखव.’

प्रक्रियेत खरोखरच दोष नव्हता.

दुसरे तज्ज्ञ वरच्या मजल्यावरचे काका. मूळचे कोल्हापूरचे, नोएडात मुलाकडे राहायला आलेले. त्यांचा जुन्या वस्तूंवर विश्वास. ‘टाकायचं कशाला? माझ्याकडे बोर्ड पडलाय,’ असं म्हणून ते 2017 चा एक मदरबोर्ड जुन्या टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. मग त्यांच्या भाच्याकडे 2018 चा एक आठव्या पिढीचा आय5 निघाला. बोर्डावर लिहिलेलं, सॉकेट 1151. प्रोसेसरच्या माहितीत लिहिलेलं, सॉकेट 1151. काकांच्या चेहऱ्यावर जमीन मोजून चोख निघाल्याचा आनंद. प्रोसेसर टपकन बसलाही. आणि बोर्डानं त्याच्याशी एक अक्षर बोलायला नकार दिला.

ही काकांची चूक नव्हे, इंटेलची करणी आहे. सहाव्या-सातव्या पिढीचा सॉकेट 1151 आणि आठव्या-नवव्या पिढीचा सॉकेटही 1151. पण आतल्या काही टोकांची कामं बदललेली. त्यामुळे दुसऱ्या जोडीला 300 मालिकेचा बोर्ड लागतो आणि आधीच्या जोडीचा 200 मालिकेचा चालत नाही. नाव तेच, माप तेच, ओळख शून्य. काकांना हे पटलं नाही. ‘बसतोय तर चालायला काय झालं?’ हा त्यांचा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो.

संगणकाचे भाग एकमेकांशी जुळण्याची पत्रिकेशी तुलना करण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती साफ नामंजूर आहे. पत्रिकेत 36 पैकी 18 गुण जुळले की भटजी हसतात आणि हॉल बुक होतो. एएमडीच्या आजच्या एएम5 सॉकेटमध्ये 1718 टोकं आहेत, आणि दुकानात काउंटरवर कोणाच्या शर्टाची बाही घासून त्यातलं एक वाकलं तर उरलेली 1717 तुमच्या काही उपयोगाची राहतील याची हमी नाही. वॉरंटी तर तिथंच संपते. 

मुळात कुठल्याही कारखान्याचा भाग दुसऱ्या कुठल्याही कारखान्याच्या भागात बसावा ही चैन आपल्याला लागली कशी? 1981 साली आयबीएमनं आपला पहिला पीसी आणला तो घाईत, बाहेरचे भाग विकत घेऊन. प्रोसेसर इंटेलचा, डॉस मायक्रोसॉफ्टची, स्वतःचं म्हणावं असं बायोस नावाचं एक लहानसं सॉफ्टवेअर. वर आतल्या जोडण्यांची माहितीही पुस्तकात छापली. टेक्ससमधल्या कॉम्पॅक नावाच्या नवख्या कंपनीनं ते बायोस न चोरता पहिल्यापासून नवं लिहून काढलं आणि 1983 पासून आयबीएमसारखंच वागणारं यंत्र विकायला सुरुवात केली. मग सगळ्या जगानं तेच केलं. 1987 मध्ये आयबीएमनं रुसून पीएस/2 ही मालिका काढली. तिच्यात कार्डं खोचायची जागाच वेगळी, आणि ती वापरायची तर आयबीएमला शुल्क द्या. बाकीच्यांनी एकत्र येऊन आपली वेगळी पद्धत काढली आणि आयबीएमला एकटं पाडलं. भाडेकरूनं घरमालकाला बाहेर काढल्याच्या कथा दिल्लीत नेहमी ऐकू येतात. त्यातली जागतिक पातळीवरची ही सर्वांत मोठी.

कंपन्यांनी त्यातून बोध घेतला. आता कोणी भिंत बांधत नाही, खाच सरकवतात. डीडीआर4 रॅमला 288 टोकं, डीडीआर5 लाही 288. लांबी तीच. फक्त मधली खाच किंचित बाजूला. जोर लावलात तर रॅम मोडेल, नाहीतर बोर्ड मोडेल, पण बसणार नाही. बोर्डांची नावं तर भुलवण्यासाठीच ठेवली असावीत. बी550 एएमडीचा, बी560 इंटेलचा. बी650 एएमडीचा, बी660 इंटेलचा. पुढं बी850 एएमडीचा आणि बी860, तुम्ही ओळखलंत, इंटेलचा. नोएडाकराला हे समजावून सांगावं लागत नाही. ब्लू लाइनचं स्टेशन सेक्टर 52 मध्ये, अ‍ॅक्वा लाइनचं सेक्टर 51 मध्ये. आकडे शेजारी, नकाशावर ठिपके शेजारी. आणि अ‍ॅक्वा लाइन सुरू झाली तेव्हापासून माणसं एकातून उतरून सामान उचलून दुसऱ्याकडे पायी निघालेली.

खरेदीला निघालो कन्या, साडूभाऊ आणि मी, आणि अर्थात अ‍ॅक्वा लाइनच्या वाटेला गेलो नाही. बॉटॅनिकल गार्डनहून मॅजेंटा लाइन, कालकाजी मंदिरला बदल, पुढचंच स्टेशन नेहरू प्लेस.

मुंबईत जे लॅमिंग्टन रोडला मिळतं ते दिल्लीत नेहरू प्लेसला. ही डीडीएनं, म्हणजे दिल्ली विकास प्राधिकरणानं, वसवलेली व्यापारी पेठ. मधे फरसबंदी चौक, भोवती काँक्रीटच्या उंच इमारती, आणि त्यांची नावं अशी की संस्कृतचा पेपर आठवावा: मेघदूत, मंजूषा, देविका, सिद्धार्थ. मेघदूताच्या दारात यक्षाचा निरोप मिळत नाही, प्रिंटरचं टोनर मिळतं. जिन्यावरून उतरलात की कानाशी सुरू होतं, ‘सर, लैपटॉप? सर, रिपेयर? सीसीटीवी? टोनर?’ वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हीच मंडळी खालच्या आवाजात ‘सॉफ्टवेयर, सॉफ्टवेयर’ म्हणत मागं लागायची आणि बाहीतून चकत्या काढायची. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयानं जगातल्या बदनाम बाजारांच्या यादीत नेहरू प्लेसचं नाव घातलं होतं, ते उगाच नाही. मधेच कापडाची मोठमोठी दुकानंही आहेत. ती तिथं का आहेत हे मला कोणी समाधानकारक सांगू शकलेलं नाही, पण ज्यांच्या घरातलं कोणी रॅम घ्यायला आलेलं असतं त्या बायकांची दुपार तिथं चांगली जाते.

दुकान म्हणजे सहा फूट बाय आठ फुटांची फट. दुकानदारानं कन्येकडे पाहिलं आणि मला विचारलं, ‘सर, बिटिया गेमिंग करेगी?’

‘रेंडरिंग,’ कन्या म्हणाली. ‘प्रोसेसरला आठ कोअर, कार्डला सोळा जीबी मेमरी.’ हे अर्थात हिंदीत.

दुकानदार मला म्हणाला, ‘सर, गेमिंग के लिए ये बढ़िया रहेगा.’

हा त्रिकोण पुढं तासभर टिकला. प्रश्न ती विचारायची, उत्तर मला मिळायचं, ते मला समजायचं नाही, म्हणून मी तिच्याकडे पाहायचो. विवाहसंबंधांच्या बोलण्यांत मध्यस्थ असतो त्याची जागा मी पूर्ण तासभर भूषवली. दुकानदारानं समोर ठेवलेला प्रोसेसर होता आय5-12400एफ. ‘सबसे ज़्यादा यही बिकता है.’ या शेवटच्या एफ अक्षरात एक गंमत आहे, ती डब्यावर बारीक अक्षरात असते. एफ म्हणजे या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड घातलं नाही तर संगणक सुरू होईल, पंखे फिरतील, दिवे लागतील आणि पडदा मात्र काळाच राहील. असे किती संगणक ‘मॉनिटर खराब है’ म्हणून परत आले असतील, आणि किती जणांनी नवा मॉनिटर घेतला असेल, याचा हिशेब साडूभाऊंसारख्या माणसानं एकदा काढायला हवा.

कन्येची यादी एएम5 ची होती: रायझन 7 7700, बी650 बोर्ड, डीडीआर5 रॅम. का, तर 2017 च्या पहिल्या रायझनपासून चाललेला एएम4 सॉकेट एएमडीनं पाच-सहा वर्षं बदलला नाही आणि 2022 मध्ये आलेल्या एएम5 बद्दलही तसाच शब्द दिलाय. म्हणजे चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलता येईल. दिल्लीत चार वर्षांपुढचा शब्द देणारं कोणी भेटणं दुर्मीळ, म्हणून मी लगेच होकार दिला. दुकानदार म्हणाला, त्यापेक्षा 2024 चा 9000 मालिकेतला घ्या, लेटेस्ट. कन्येनं विचारलं, ‘बोर्ड का बायोस कौन सा है?’ कारण जुना साठा असेल तर बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखत नाही. बायोस नवं करून घ्यावं तर त्यासाठी आधी बोर्ड सुरू व्हायला हवा, आणि सुरू व्हायला त्याला ओळखीचा प्रोसेसर हवा. पेन ड्राइव्ह लावून प्रोसेसरशिवाय बायोस बदलायची सोय काही बोर्डांवर असते, काहींवर नसते. हे ऐकून साडूभाऊंना आपल्या खात्यात आल्यासारखं वाटलं. रहिवासी दाखल्यासाठी वीजबिल, वीजबिलासाठी रहिवासी दाखला.

रॅमचं नाव काढल्यावर दुकानदाराचा चेहरा बदलला. ‘मैडम, रैम का रेट मत पूछो.’ तासाभरात तो पहिल्यांदाच तिच्याशी थेट बोलत होता. दुःखात माणसं बरोबरीची होतात. 2025 च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव असे भडकले, की जुनी कोटेशनं कोणी मानेना. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना मेमरी हवी, ती ते मागतील त्या भावानं घेतात, आणि चिप बनवणारे मोजून तिघे मोठे कारखानदार आपला माल तिकडे वळवतात. त्यांच्यातल्या मायक्रॉननं तर डिसेंबरात जाहीरच केलं, की क्रूशियल या नावानं किरकोळ ग्राहकांना माल विकणंच बंद करणार. त्यामुळे जगातल्या कुठल्या तरी यंत्रानं कोणासाठी तरी कविता लिहिण्याचा खर्च आमच्या खिशातून गेला. कवितेचा दर्जा बघता हे महाग पडलं असं माझं मत आहे.

मग कॅबिनेट. काचेचं, आत रंगीबेरंगी दिवे. दिव्यांमुळे वेग वाढत नाही, पण ‘सब लेते हैं’. कन्येनं मोजपट्टी काढली. प्रोसेसरच्या डोक्यावर बसणारा कूलर साधारण 150 ते 165 मिलिमीटर उंच. कॅबिनेटनं 155 पर्यंतच जागा दिलेली, आणि दुकानदाराच्या हातातला कूलर 158.

‘तीन एमएम की बात है, मैडम,’ दुकानदार म्हणाला. ‘शीशा थोड़ा दबा देंगे.’

टफन्ड काच थोडी दाबली जात नाही. ती एक तर असते किंवा फरशीभर असते. दिल्लीच्या दुकानदाराची आश्वासनं तीन प्रतीची: ‘लग जाएगा’ म्हणजे बहुधा लागेल, ‘चल जाएगा’ म्हणजे दुकानाबाहेर पडेपर्यंत चालेल, आणि ‘देख लेंगे’ म्हणजे तुम्ही बघा. हे ‘दबा देंगे’ चौथ्या प्रतीचं. कन्येनं जाळीदार तोंडाचं, रुंद आणि बिनदिव्यांचं कॅबिनेट निवडलं. पुढच्या जाळीला धुळीची गाळणी हवीच म्हणाली, कारण नोव्हेंबरात एनसीआरची हवा जे फुप्फुसांचं करते तेच पंख्यांचं करते, आणि पंख्यांना मास्क लावता येत नाही.

‘कैबिनेट के साथ एसएमपीएस फ्री दे दूँगा,’ दुकानदार म्हणाला. एसएमपीएस म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. फुकट एसएमपीएस हा या धंद्यातला सर्वांत महाग भाग. वर 500 वॉट छापलेलं असतं, आणि छापायला शाईचाच काय तो खर्च. जाणते लोक तो आधी हातात तोलून बघतात. हलका लागला की परत ठेवतात. कन्येच्या कार्डालाच 180 वॉट लागतात, प्रोसेसर वेगळा. कंपनी एकंदर 600 वॉटचा एसएमपीएस घ्या म्हणते. 80 प्लस या शिक्क्याची योजना 2004 ची, मूळ अर्थ असा की आत घेतलेल्या विजेतली निदान ऐंशी टक्के तरी पुढं पोचते. दिल्लीतल्या कुठल्याही योजनेच्या मानानं ही टक्केवारी मला फारच भरघोस वाटली आणि मी ब्रॉंझवर न थांबता गोल्डला संमती दिली.

शेवटी बिल. ‘बिल चाहिए, सर?’ हा प्रश्न ‘साखर घालू का’ इतक्या सहज विचारला जातो. 18 टक्के जीएसटी वाचवायचा तर बिल नाही. बिल नाही तर वॉरंटीला गेलात की तुमचा भाग कोणी तुमचा मानत नाही. साडूभाऊंनी आयुष्यात प्रथमच सर्वांत कमी भाव नाकारला आणि पक्कं बिल, त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर, खाली शिक्का घेतल्याशिवाय जागचे हलले नाहीत. त्या दिवशी त्यांनी कमावलं.

जुळवणी घरी, जेवणाच्या टेबलावर. वरचे काका चष्मा लावून हजर. प्रोसेसरच्या पाठीवर थर्मल पेस्ट किती लावायची यावर बायकोचे आणि काकांचे मतभेद झाले. कन्येनं वाटाण्याएवढी लावून विषय संपवला. मागची पत्रा-पट्टी बोर्डाच्या आधी बसवायची असते, ती विसरली की सगळं उकलावं लागतं. या बोर्डाला ती आधीच जोडलेली होती, त्यामुळे काकांची थोडी निराशा झाली. बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा.

घरात शांतता. मग निदानं सुरू झाली. काका म्हणाले, अर्थिंग. साडूभाऊ म्हणाले, पहिल्या दुकानाचं कोटेशन घ्यायला हवं होतं. बायको म्हणाली, अमावास्या आहे आणि मी सकाळीच सांगितलं होतं. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी बोर्डाच्या भोकात तर नाही ना, हे मी वाकून पाहिलं. ती कार्डातच होती. कन्या मात्र शांतपणे चहा पीत होती.

‘ट्रेनिंग चाललंय, बाबा. डीडीआर5 ला पहिल्यांदा वेळ लागतो. बोर्ड रॅमची चाचणी घेऊन तिचा वेग ठरवतो. काही मिनिटं जातात.’

‘रॅमलासुद्धा क्लास लावावा लागतो?’ बायकोनं विचारलं. कालू सरायला आयआयटीच्या कोचिंगचे फलक बघत आम्ही कितीदा रिक्षानं गेलोय. तिला हे लगेच पटलं, आणि अमावास्येचा मुद्दा तिनं मागं घेतला.

मिनिटं गेली. पडदा उजळला, बायोसनं रॅम पूर्ण मोजून दाखवली, आणि तासाभरानं रेंडर लावलं तेव्हा कन्येच्या इमारतीच्या खिडकीत झाड उगवलं, तेही चहा निवायच्या आत. साडूभाऊंनी बिलाची प्रत फाइलला लावली. सगळे उठले. काका मात्र कोपऱ्यातल्या निवृत्त लॅपटॉपपाशी रेंगाळले.

‘हा आता पडूनच राहणार ना? मग यातली रॅम काढून देतेस का? माझ्या त्या बोर्डात घालतो.’

‘काका, लॅपटॉपची रॅम वेगळी असते. आखूड असते. तुमच्या बोर्डाची खाच लांब आहे.’

काकांनी तिच्याकडे दयेनं पाहिलं. ‘अगं, आखूडच आहे ना? मग तर बसेलच की.’